उरलेलं कढण

मामांनी मला फसवलं. एकदा नव्हे, जवळजवळ वर्षभर. माझेच हुलगे घेऊन, माझ्याच उंबऱ्यावर बसून. बाजारात मला आजवर कोणी फाटकं पोतं धड म्हणून विकू शकलेलं नाही, आणि या माणसानं मला राजरोस फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल दोन चांगले शब्द लिहिले तरी मी ते विसरलो असं कोणी समजू नये.

फसवण्याचं त्यांचं हत्यार म्हणजे एक वाक्य. उजव्या हाताचा पंजा पसरून माझ्या तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचं, "शेट, हात लहान होत नाय."

पंजा खरंच मोठा होता. बोटं जाड, मनगटावर तेलानं भाजल्याचे पांढरे डाग. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसच्या कॅन्टीनमध्ये मामांनी उभी हयात आमटी ढवळली होती. तिथे एका वेळेला शेकडो ताटं उठायची. मीठ मुठीनं, तिखट वाडग्यानं, पाणी बादलीनं. निवृत्त होऊन ते आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखालच्या खोलीत राहायला आले, तेव्हा सोबत एक ट्रंक, एक उलथनं आणि कॅन्टीनमधून मोडीत निघालेलं एक भलंमोठं पातेलं होतं. पातेलं खोलीच्या दारातून आत जाईना. मग ते बाहेर नळापाशी पालथं राहायचं आणि मुलं त्यावर बसून गप्पा मारायची. मामांची बायको कधीच गेलेली. मूलबाळ नाही. सगळे त्यांना मामा म्हणायचे. कोणाचे मामा, हे कोणी विचारलं नाही.

तुम्हीही असा एखादा आचारी पाहिला असेल, ज्याला चार माणसांचा स्वयंपाक सांगितला की घाम फुटतो. एका कोजागरीला आम्ही मसाला दूध मामांकडे सोपवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचे रिक्षावालेही तेच दूध पीत उभे होते. गणपतीत शिरा सांगितला, तो समोरच्या बिल्डिंगलाही पुरला. मी वर्गणीवरून भांडायला गेलो तर हाच पंजा वर आला. "हात लहान होत नाय, शेट. कॅन्टीनचा हात हाय." तेव्हा पुढे मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुरावा होता.

मी बारदानाचा व्यापारी. बारदान म्हणजे रिकामी पोती. किराणा आणि भुसार दुकानांतून ती विकत घ्यायची, झटकायची, उजेडासमोर धरून भोकं बघायची, दाभणानं शिवायची आणि येवला-लासलगावकडच्या कांदा व्यापाऱ्यांना विकायची. नांदगावहून आलो तेव्हा माझ्याकडे एक पोतंही नव्हतं, नुसता खांदा होता. पुढचं सगळं मी भाव करून मिळवलंय. समोरच्यानं पहिला आकडा उच्चारला की माझं डोकं तापतं, आणि डोकं तापलं की माझा सौदा चांगला होतो.

बिल्डिंगमध्ये माझं कोणाशी फारसं पटत नसे. जागा कमी, म्हणून मी पोती जिन्यात रचायचो. त्यावरून वरच्या मजल्यावरच्या बोरसेंशी माझी जोरदार भांडणं व्हायची. बोरसे सिन्नरच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते. बिल्डिंगमधली निम्म्याहून जास्त घरं त्याच कारखान्यावर चालायची.

नव्वदीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्या कारखान्याला टाळं लागलं. त्याच उन्हाळ्यात आमचं बाळ गेलं.

दिवस भरले होते. मुलगी होती. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

माझी बायको शोभा दवाखान्यातून घरी आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. माझी आई नांदगावहून आली, सासूबाई आल्या. दोघींनी रडून घेतलं आणि तिच्यापुढे वरणभात ठेवला. एरवी बाळंतिणीला आपल्याकडे काय काय करतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, बाजरीची भाकरी, गरम कढण. यातलं काहीच झालं नाही. बाळ नाही, मग बाळंतिणीचं कशाला करायचं? असं कोणी बोललं नाही, पण कोणी केलंही नाही. डिंक आणि खारीक मी आधीच आणून ठेवली होती, चांगली घासाघीस करून. ते डबे वरच्या फळीवर तसेच राहिले. महिन्याभरानं दोघी आपापल्या घरी गेल्या.

शोभाचे हात काड्यांसारखे झाले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर परत भरती करावं लागेल. मी समजावलं, ओरडलो, एकदा ताट आपटलं. ती एक घास घ्यायची आणि पाणी प्यायची.

एका सकाळी मी जिन्यात पोती मोजत होतो, तेव्हा मामा खोलीतून बाहेर आले.

"शेट, ताईला काय देताय खायला?"

"काय देणार? खातच नाही."

"कढण दिलं का?"

"कसलं कढण?"

"हुलग्याचं. बाळंतिणीला देत्यात ते."

मी म्हणालो, "मामा, बाळ कुठंय?"

त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बाळ नाय म्हणून ती बाळंतीण नाय का? नऊ महिने तिनंच काढले ना? अंग तिचंच मोडलं ना? कडेवर पोर असो-नसो, तिला कढण लागतं. हुलगे आणा. मी करतो."

मला पटलं. पटलेली गोष्ट मी लगेच करतो. "किती आणू?"

"दोन किलो."

"महिन्याला?"

"रोज."

आता तुम्हीच सांगा. एका आजारी बाईला वाटीभर कढण, त्याला रोज दोन किलो हुलगे! मी म्हणालो, "मामा, तिला पाजायचंय की आंघोळ घालायचीय?"

पंजा वर आला. "हात लहान होत नाय. कमी घेतले की मीठ चुकतं, फोडणी करपती. कढण बिघडलं की ताई तोंड फिरवणार. मग मला बोलायचं नाय."

"पाव किलो."

"नाय जमायचं."

"अर्धा. वर एक मूठ."

"शेट, ताई घरातली हाय का बाजारातली?"

मी त्यांना दीड किलोवर आणलं. त्या दिवसांत जिंकल्यासारखं वाटलेली तेवढी एकच गोष्ट. हुलगे मिळायला अडचण नव्हती. भुसार व्यापाऱ्यांकडे मी पोती उचलायला जातच होतो, आणि हुलगा, म्हणजे कुळीथ, जनावराचं खाणं समजून कोपऱ्यात टाकलेला असायचा.

मामांची रीत ठरलेली. हुलगे आदल्या संध्याकाळी भिजत घालायचे. सकाळी नळापाशी भुशाची शेगडी मांडायची. वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा डब्यात ठासून भरायचा, मधे बाटली उभी ठेवून. बाटली काढली की त्या भोकातून जाळ वर येतो आणि सावकाश जळत राहतो. हुलगा शिजायला हट्टी, त्याला असाच जाळ लागतो. त्या भल्यामोठ्या पातेल्यात तो शिजला की वरचं तांबूस, दाट, मातीच्या वासाचं पाणी गाळून घ्यायचं. मूठभर हुलगे रगडून त्यातच टाकायचे. आमसूल, गुळाचा खडा, मीठ. शेवटी तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण. लसूण लाल झाला की फोडणी आत, वर झाकण, आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून मामा उभे राहायचे. कोणी काही विचारलं तरी बोलायचे नाहीत. "वास बाहेर गेला तर पोटात काय जाणार?" एवढंच म्हणायचे, तेही झाकण काढल्यावर.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबलो. मामा आत आले नाहीत. वाटी घेऊन उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, बाळंतिणीचं आणलंय."

शोभा उठून बसली. त्या शब्दानं उठली. महिन्याभरात तिला तो शब्द कोणी म्हटला नव्हता. ती खूप रडली. मामा उंबऱ्यावर बसून राहिले, रडू नको वगैरे काही म्हणाले नाहीत. मग तिनं दोन घोट घेतले.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर जायला लागलो. काही दिवसांनी ती वाटी संपवू लागली. मग त्यात भाकरी कुस्करू लागली. एका संध्याकाळी मी घरी आलो तर ती केस विंचरून दारात उभी होती. मी सगळ्या बाजाराला सांगत सुटलो, की माल पारखून घेतला की असा गुण येतो. माझे हुलगे होते.

रविवारी मात्र कढण नसायचं. "कॅन्टीनला रविवारी सुट्टी असती," असं मामा म्हणायचे. मला ते रास्त वाटलं. आठवड्यातून रविवारीच मी दिवसभर घरी असायचो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

एकदा मी विचारलं, "मामा, ताई पिते वाटीभर. बाकीचं जातं कुठं?"

"गोठ्यात," मामा म्हणाले. "म्हशींना. हुलग्यानं म्हैस दूध चांगलं देती."

झालं. मी व्यापारी माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गवळ्याला दारात गाठलं. "माझं कढण खाऊन तुझ्या म्हशी दूध देतात, आणि तू मलाच मापात मोजून घालतोस?"

गवळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग जिन्याखाली बसलेल्या मामांकडे पाहिलं. मामा लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाला, "बरोबर हाय तुमचं, शेट." तेव्हापासून तो रोज एक माप दूध जास्त घालू लागला. असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. चारचौघांत मी तो कितीतरी वर्षं सांगायचो.

कारखाना काही उघडला नाही. पण घरं उभी राहिली. कोणी अंबडला दुसरी नोकरी धरली, कोणी रिक्षा घेतली, कोणाच्या बायकोनं शिवणयंत्र आणलं. बोरसेंना सातपूरला काम मिळालं. पुढे आम्हालाही मुलगी झाली. तोवर मामा येवल्याला भाच्याकडे राहायला गेले होते. जाताना मला म्हणाले, "शेट, तोंड जरा कमी चालवत जा."

मी म्हणालो, "धंदा बसेल माझा."

"बसू द्या थोडा," ते म्हणाले आणि एसटीत चढले.

बिल्डिंगही पुढे पाडली, आम्ही सगळे पांगलो. मग दोन हजारनंतर केव्हातरी बोरसेंच्या मुलीचं लग्न ठरलं. जेल रोडच्या एका मंगल कार्यालयात सगळे जुने शेजारी जमले, एकाच पंगतीत बसले. मठ्ठा वाढत होते. मला मामांची आठवण झाली आणि मी नेहमीचा किस्सा सुरू केला. एका वाटीला दीड किलो हुलगे, हात लहान होत नाय, आणि मी गवळ्याला कसा गाठला. पंगत हसली. नेहमीपेक्षा जरा जास्तच हसली.

बोरसे वहिनी आग्रह करत फिरत होत्या. त्या माझ्या ताटासमोर थांबल्या. "भाऊजी, तुम्हाला अजून खरं वाटतं ते?"

"कोणतं?"

"मामांचा हात लहान होत नव्हता ते. अहो, ते रोज स्वतःपुरती आमटी करायचे. एवढ्याशा पातेलीत. एक थेंब उरायचा नाही. तुम्ही शेजारी राहून कधी पाहिलं नाही?"

मी बोरसेंकडे पाहिलं. बोरसे पापड मोडत होते. वहिनींनी खुर्ची ओढली, मुलीची आई असून भर लग्नात माझ्यासमोर बसल्या आणि सगळं सांगितलं.

टाळं लागल्यावर घराघरात डबे रिकामे व्हायला लागले होते. कोणी बोलत नव्हतं. मी कामावर जायला लागलो त्याच दिवशी मामा पातेल्यातलं कढण बादलीत घेऊन वर गेले, तर बोरसेंनी दार लावून घेतलं. म्हणाले, "उपकार कोणाचेच नकोत. त्या पोतेवाल्याचे तर मुळीच नकोत."

मामा दाराबाहेरून म्हणाले, "उपकार कोण करतंय? शेटच्या घरी बाळंतीण हाय, तिचं उरलंय. फेकून देऊ का? मला पातेलं घासायचंय. तेवढं रिकामं करून द्या, म्हाताऱ्याची पाठ दुखती."

शेजाऱ्याकडचं उरलेलं संपवायला कोणाची हरकत असणार? दार उघडलं. एक दार उघडलं तशी बाकीचीही उघडली. वरचं कढण, खालच्या हुलग्यांची उसळ. रोज दुपारी पातेलं रिकामं व्हायचं.

"आणि मामा काय म्हणायचे ठाऊक आहे?" वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, शेटकडे दोन मागितले की दीड मिळतात. मला दीडच लागतात."

पंगत पुन्हा हसली. मी हसलो नाही.

"पुढचं ऐका," वहिनी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज खाली आला. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी शोभाताईंनी वाटी परत केली. नको म्हणाल्या. मामा उंबऱ्यावरून हलले नाहीत. म्हणाले, ताई, तुमी जेवल्याबिगर मी ते उरलेलं कसं म्हणू? मी खोटं नाय बोलणार. आणि उरलेलं नसलं तर बोरसे घेणार नाय. जरा जिन्यात बघा. ताईंनी वाकून पाहिलं. जिन्यात तुमच्या पोत्यांवर मुलं बसली होती, वाट्या आणि डबे घेऊन. ही माझी सगळ्यात पुढे."

त्यांनी मांडवात उभ्या असलेल्या नवरीकडे हात केला.

"ताईंनी वाटी उचलली आणि तोंडाला लावली. मग रोजचंच झालं. मुलं दारात जाऊन वाटीचा तळ बघायची. काकू, झालं का? काकू, लवकर ना! एक दिवस ताई मुद्दाम हळूहळू प्यायल्या, मुलांना चिडवायला. त्या दिवशी त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं. बायका दारं उघडून बाहेर आल्या."

मी म्हणालो, "आणि तो गवळी?"

"मामा पहाटे त्याच्या गोठ्यात शेण काढायला जायचे. तुमच्या त्या वाढीव मापापायी. ते दूध ताई मुलांच्या चहाला द्यायच्या."

ताटातली जिलबी मी तशीच ठेवली. परत येताना रिक्षात मी शोभाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मला सांगितलं का नाहीस?"

ती बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही भाव केला असता."

"कोणाशी?"

"सगळ्यांशी. बोरसेंना म्हणाला असता, आधी जिन्यातल्या पोत्यांवरून भांडायचं बंद करा, मग कढण न्या."

हे साफ खोटं आहे, असं मी तिला सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. शोभा हसत होती. ती हसली की अजूनही माझा राग अर्धा होतो, आणि याचाही मला राग येतो.

पुढच्या मंगळवारी येवल्याचा बाजार. मी बाजारात गेलोच नाही, सरळ मामांच्या भाच्याचं घर शोधत गेलो. भांडायला गेलो होतो. एसटीत बसून काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. भाचा पैठणीच्या मागावर बसला होता. मी दारातूनच विचारलं, "मामा कुठंयत?"

त्यानं धोटा थांबवला. "मामा गेले. मागच्या थंडीत. झोपेतच."

"कळवलं नाही?"

"पत्ता नव्हता कोणाचा." मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही नाशिकरोडचे बारदानवाले शेट का?"

"हो."

"मामा सांगून गेलेत. म्हणाले, एक शेट कधीतरी भांडायला येईल. आला तर त्याला बोलू द्या, मधे बोलू नका. त्याचं बोलून झालं की जेवायला वाढा."

भाचा हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला. मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. त्याच्या बायकोनं पाट मांडला. भाकरी होती, शेंगदाण्याची आमटी होती, ठेचा होता. मी जेवलो. आमटी चांगली झाली होती, हे मी तिला सांगितलं. निघालो तेव्हा मागाचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि गल्ली संपेपर्यंत ऐकू येत राहिला.

मामांना आता काही विचारता येत नाही. पण त्या बिल्डिंगमधले तुम्ही सगळे आहात. कोणी इंदिरानगरला, कोणी सिडकोत, कोणी पुण्याला मुलाकडे. हे वाचत असाल. मी तुम्हाला विचारतो.

हुलग्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. दीडाऐवजी दोनही आणले असते. पण वर्षभर त्या जिन्यात सगळ्यांना वाटी मिळाली. शोभाला मिळाली, तुमच्या मुलांना मिळाली, माझं तोंडही न बघणाऱ्या बोरसेंना मिळाली. बाळ माझंही गेलं होतं. मी सकाळी पोती खांद्यावर टाकून बाहेर पडायचो ते संध्याकाळी परत यायचो, आणि तोवर पातेलं धुऊन पालथं झालेलं असायचं. एवढ्या मोठ्या पातेल्यातलं वाटीभर कढण माझ्यासाठी कोणी झाकून का ठेवलं नाही?

याचं उत्तर मला पाहिजे. निरोप पाठवू नका. घरी या आणि तोंडावर द्या.